जनजागृती कुणाची करायची?



'जनजागृती' या शब्दावर निदान दहा वर्षं बंदी घालावी, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. शाळेतला निबंध असो, वक्तृत्व स्पर्धा असो की कॉलेजातलं संशोधन, विषय गरिबीचा निघाला की शेवटी हा शब्द येतोच. गरिबाची मुलं शिकत नाहीत, कारण आईबाप अडाणी. म्हणून आईबापांत जनजागृती करावी. झालं, संपला निबंध! लिहिणारा मोकळा, तपासणारा मोकळा.

आज हे लिहायला कारण झाली आमच्या ओळखीतली एक मुलगी. एम.ए. करते आहे. आईवडील दरसाल ऊसतोडीला जातात, ही आजीपाशी राहून शिकली. तिला संशोधन निबंध लिहायचा आहे : 'बालदारिद्र्य कमी करण्याचे उपाय'. तीनदा लिहिला, तीनदा परत आला. पहिल्यांदा तिनं घरचा हिशेब मांडला, तर शेरा मिळाला, "वैयक्तिक अनुभव नको, वस्तुनिष्ठ लिहा." दुसऱ्यांदा गृहीतकच बदलून हातात आलं, "पालकांच्या अज्ञानामुळे मुले शिक्षणापासून वंचित राहतात." तिसऱ्यांदा उपाययोजनांचं पान कोरंच राहिलं. मला म्हणाली, "गुरुजी, माझ्या आईला काय जागं करायचं हो? ती पहाटे चारला उठलेलीच असते."

आता जो हिशेब 'वैयक्तिक' म्हणून खोडला, तो जरा करून बघा. आमच्याकडे नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा दर टनाला साधारण ३६६ रुपयांवर गेला. समजा, जोडप्यानं दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये. मुकादमाकडून एक लाख उचल घेतली असेल, तर ती फेडायलाच १३७ दिवस लागतात. म्हणजे साडेचार महिने! तोवर कारखान्याचा पट्टा पडत आलेला असतो. उचल तर आजारपणात नाहीतर लग्नात आधीच संपलेली. मग पुढच्या वर्षाची उचल. यात अज्ञान कुठं आहे? हे गणित त्या माउलीला तोंडपाठ आहे. ते येत नाही ते आपल्याला.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. शाळा जूनमध्ये भरते. दिवाळीच्या आसपास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांवरून माणसं निघतात, ती कोल्हापूर-सांगलीकडं, नाहीतर थेट कर्नाटकात. परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. पोरं सोबत गेली तर उसाच्या फडात, मागं राहिली तर म्हाताऱ्या आजीच्या गळ्यात. थोरली पोर कोपीवर धाकट्याला सांभाळते. हजेरीपटावर मात्र तिच्या नावापुढं 'गैरहजर'. गैरहजर कोण, ती पोर की आपण?

आणि पोर वयात आली की तिला मागं ठेवायची भीती, सोबत न्यायचीही भीती. लग्न लावलं की काळजी मिटते, वर नवा कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास ४४ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. राज्यात हेच प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. बीडचे आईबाप बाकीच्यांच्या दुप्पट निर्दयी आहेत, असं कुणाला म्हणायचं असेल तर उघड म्हणावं.

काही जण म्हणतील, बाप दारू पितात, त्याचं काय? पितात, काही जण पितात. पण पगारदारांच्या घरातही पितात की! तिथं पोरगं शाळेतून उठून फडावर जात नाही, कारण पहिल्या तारखेला पगार येतो.

संशोधनात संदर्भ हवेत, आकडे हवेत, हे मलाही मान्य आहे. पण वस्तुनिष्ठ म्हणजे बघणारा लांब उभा असला पाहिजे, असं कुठं लिहिलंय? जिनं बारा-पंधरा हंगाम आईबापाची वाट पाहिली, तिची नोंद हा पुरावाच आहे.

त्या कोऱ्या पानावर लिहायला पुष्कळ आहे. हंगामी वसतिगृह गाड्या निघायच्या आदल्या दिवशी उघडलेलं हवं. सर्वेक्षण, मंजुरी होऊन महिन्याभरानं उघडलेलं काय कामाचं? २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली : ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० मुलं. म्हणजे सगळी भरली तरी ८,२०० जागा. त्या वाढवा. कारखान्याच्या तळावर पाळणाघर ठेवा. उचलीचा करार कागदावर करा आणि कोयत्यातल्या बाईची मजुरी तिच्या खात्यात टाका. यातलं एकही काम त्या आईच्या हातात नाही. सगळी कामं शासनाच्या, कारखान्याच्या, मुकादमाच्या आणि आम्हा शाळावाल्यांच्या हातातली आहेत.

तेव्हा जनजागृती जरूर करा. फक्त कुणाची करायची, ते नाव लिहून करा.