शर्यतीच्या वर्तुळातील बेडूक

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन शहरात केनिलवर्थ येथे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आहे. १८८२ पासून तेथे घोडे धावत आले आहेत. ज्या वर्तुळाकार वाटेवरून ते धावतात, तिच्या पोटातील सुमारे ५२ हेक्टर जमीन शंभराहून अधिक वर्षे इमारतींपासून मुक्त राहिली. सारा व्यवहार कडेने चालत असल्यामुळे मधली जागा कोणाच्या कामाची नव्हती, एवढेच त्याचे कारण. या जमिनीवर पावसाळ्यात साचणाऱ्या कोऱ्या चहासारख्या काळसर पाण्यात एक बेडूक राहतो. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याची लांबी १८ मिलिमीटरच्या आसपासच असते. १९१० मध्ये शास्त्राला त्याची ओळख झाली; सूक्ष्म बेडूक हे त्याचे रूढ नाव. आज साऱ्या जगात त्याची वस्ती केनिलवर्थचे हे मैदान आणि आग्नेयेकडे अगुल्हासच्या सखल प्रदेशापर्यंत पसरलेल्या किनारपट्टीवरील मोजकी पाणथळे, एवढ्यापुरतीच उरली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली आहे.

या प्राण्याला लागणारे पाणी साधे नाही. किनाऱ्यालगतच्या निःसत्त्व वाळूत फिनबोस नावाची झुडपी वनस्पती वाढते. तिच्या कुजण्यातून पाण्याला काळा रंग आणि आम्लता येते. तिकडे पाऊस हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जून ते ऑगस्टच्या सुमारास पडतो. तेव्हा डबकी भरतात, बेडकांची वीण होते आणि उन्हाळ्यात डबकी आटून जातात. या क्रमात कोठेही हात घातला की सारी साखळी तुटते. शेजारी गटार खणले तरी पाणी निघून जाते. एकोणिसाव्या शतकात उडती वाळू आवरण्यासाठी वसाहतीच्या सरकारने ऑस्ट्रेलियातून आणलेल्या बाभळीच्या जाती लावल्या. त्यांनी जमीन व्यापली आणि तिच्यातील ओलही शोषली. तेव्हा एका जागचे पाणथळ बुजवून दुसरीकडे तळे खोदून देऊ, ही नियोजनकारांची आवडती भरपाई येथे कागदावरच राहील.

केप टाउनच्या पूर्वेस पसरलेला केप फ्लॅट्स हा वालुकामय सखल भाग एकेकाळी अशा पाणथळांनी भरलेला होता. ती गेली कशी, याचे उत्तर लोकसंख्यावाढ या एका शब्दात देण्याची प्रथा आहे. ते उत्तर सोयीचे आहे, खरे नाही. १९५० च्या समूह क्षेत्र कायद्याने कोणत्या वर्णाच्या माणसाने कोठे राहावे हे सरकारने ठरवले. १९६६ मध्ये शहराच्या मध्यातील डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग गौरवर्णीयांसाठी राखीव झाला आणि पुढील वर्षांत तेथील साठ हजारांहून अधिक माणसे उठवून त्याच केप फ्लॅट्सवर नेऊन टाकण्यात आली. हिवाळ्यात पाणी तुंबणारी, कामाच्या ठिकाणापासून दूरची, बाजारात कवडीमोल असलेली जमीन गरिबांच्या वाट्याला आली. बेडकाची तीच जमीन होती. इकडे डिस्ट्रिक्ट सिक्सची घरे जमीनदोस्त केल्यावर त्या मोक्याच्या जागेचा मोठा भाग कित्येक दशके ओसाड पडून राहिला. जमिनीची टंचाई होती म्हणून पाणथळे बुजली, असे म्हणणाऱ्यांनी या मोकळ्या जागेचा हिशेब आधी द्यावा.

गौरवर्णीयांच्या उपनगरातील श्रीमंतांच्या करमणुकीच्या मैदानात बेडूक तगला आणि जेथे गरीब राहावयास गेले तेथून तो नाहीसा झाला, यावरून श्रीमंत निसर्गाचे रक्षक आणि गरीब त्याचे वैरी असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः केनिलवर्थला बेडकाचे रक्षण करावे असे १८८२ मध्ये कोणाच्याही मनात नव्हते. तो वाचला तो एका उधळपट्टीचा आनुषंगिक परिणाम म्हणून. पुढे या मधल्या जागेची संवर्धन क्षेत्र म्हणून देखभाल होऊ लागली, तेथे आखून वणवे लावण्यात आले, रानातून नष्ट होऊन केवळ उद्यानांतून उरलेले एरिकाचे एक झुडूपही तेथे पुन्हा लावण्यात आले. हे काम स्तुत्यच आहे. परंतु शर्यतीचा धंदा उद्या आतबट्ट्याचा झाला, तर शहरातील इतक्या मोठ्या मोकळ्या भूखंडाची बाजारातील किंमत आणि अठरा मिलिमीटरच्या बेडकाची बाजारातील किंमत यांची तुलना करावयास अर्थशास्त्रज्ञाची गरज पडणार नाही. बाजाराच्या खतावणीत बेडकाचे खातेच नाही.

२०१८ मध्ये केप टाउनची धरणे आटली आणि माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा आली. तेव्हापासून भूजल उपसण्याच्या योजनांना वेग आला. वाळूतील पाण्याची पातळी आणि डबक्यातील पाणी ही एकच गोष्ट असल्यामुळे येथेही किती उपसायचे हा प्रश्न केवळ अभियंत्यांवर सोडण्याजोगा नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेत कलम २४ अन्वये पर्यावरणाच्या संरक्षणाचा आणि कलम २६ अन्वये निवाऱ्याचा हक्क दिलेला आहे. दोन्ही हक्क एकाच घटनेत आहेत आणि घटनाकारांना त्यांत विसंगती वाटली नाही. केप टाउनजवळील अर्धवट पाणथळ वस्तीतून बाहेर पडून मोकळ्या खाजगी जमिनीवर आसरा घेतलेल्या आयरीन ग्रूटबूम व त्यांच्या सोबत्यांच्या खटल्यात २००० साली घटनापीठाने निवाऱ्याच्या हक्काच्या बाजूने निर्णय दिला. त्याचा जगभर गौरव झाला. २००८ मध्ये ग्रूटबूमबाई वारल्या, त्या झोपडीतच.

केनिलवर्थपासून काही किलोमीटरवर रोंडेबॉश येथे पालिकेच्या मालकीचे चाळीसहून अधिक हेक्टरांचे गोल्फ मैदान आहे. क्लबकडून त्याचे भाडे वर्षाला सुमारे एक हजार रँड घेतले जात होते. घरांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी २०१९ मध्ये या मैदानात शिरून निदर्शने केली आणि येथे स्वस्त घरे बांधा, अशी मागणी केली. या कातरलेल्या हिरवळीवर सूक्ष्म बेडूक राहत नाही.