व्यर्थ? कोण म्हणतं?

परवा आईच्या पहिल्या स्मरणदिनाची उपासना घरी झाली. संदेश देणाऱ्यांनी बायबलमधलं 'उपदेशक' उघडलं आणि अर्धा तास एकच सांगितलं : संसार, कष्ट, स्वयंपाकपाणी, सगळं व्यर्थ. मामा, काकू, सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसलो. आज मात्र लिहितोच, रागावू नका.

माझी तक्रार अशी की आपण हे पुस्तक पहिल्या पानावरच मिटतो. ज्याला आपण 'व्यर्थ' म्हणतो तो मूळ हिब्रू शब्द 'हेवेल'. त्याचा साधा अर्थ श्वास, वाफ. वाफ फुकट नसते हो, ती फक्त मुठीत धरता येत नाही! आणि हाच लेखक १२ अध्यायांत पुन्हापुन्हा सांगतो की खाणंपिणं आणि आपल्या कष्टात सुख मिळणं ही देवाची देणगी आहे. ९व्या अध्यायात तर आनंदाने जेवा, डोक्याला तेल लावा, हाती येईल ते काम जीव ओतून करा, असं बजावतो. का? तर मेल्यावर यातलं काहीच करता येणार नाही म्हणून.

आई ३५ वर्षं पहाटे उठून भाकऱ्या थापत होती. त्या भाकऱ्यांवर आम्ही तिघं वाढलो, शिकलो. हे व्यर्थ? मग उपासनेनंतर सगळ्यांनी रस्सा दोनदा वाढून घेतला, ते काय होतं?

असो. पुढच्या वेळी कुणी 'व्यर्थ' म्हणालं की मी ९वा अध्याय काढून पुढ्यात ठेवणार. आणि तो वाचून झाल्यावरच पानं वाढणार.