फडाचे पाणी कोणाच्या हिशेबात?

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात पांझरेच्या पात्रात, नाशिकच्या बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर दगडचुन्याचे जुने बंधारे ठिकठिकाणी उभे आहेत. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीपासून ते खानदेशची शेती भिजवत आले. 22 मार्चला जलदिन आला की पारंपरिक ज्ञानाची आठवण होते, या बंधाऱ्यांची छायाचित्रे छापून येतात आणि दुरुस्तीसाठी निधी द्या अशी मागणी होते. मागणी रास्तच आहे. पण नुसता बंधारा सावरून फड पद्धत वाचणार नाही, कारण ती दगडांइतकीच गावाने पाळलेल्या नियमांवर उभी होती. ते नियम पाळायला लागणारे पाणी वरच्या धरणांच्या नियोजनात हक्काने धरले गेले पाहिजे, हे कोणी ठासून मांडत नाही.

पद्धत अशी. बंधाऱ्याच्या अंगाने पाट निघतो, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून सारंगे वावरापर्यंत जातात. पाटाखालची सारी जमीन सहसा तीन-चार फडांत विभागलेली असते. एखादा फड 10 हेक्टरांचा, तर एखादा 200 हेक्टरांपर्यंतचा. एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यायचे. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात भुसार, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. कोणत्या फडात काय लावायचे आणि कोणता फड पडीक ठेवायचा, हे नदीचे पाणी पाहून सगळ्यांनी मिळून ठरवायचे. बहुतेक खातेदारांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात. त्यामुळे पाणी कमी पडले आणि एक फड सोडावा लागला, तर एकाच कुटुंबाचे वर्ष बुडत नाही. सगळ्यांचेच थोडे थोडे जाते. ज्याचे वावर पाटाच्या मुखाशी तो भरून पावला आणि शेपटाकडचा कोरडा राहिला, हे महाराष्ट्रातल्या कालव्यांचे जुने दुखणे आहे. फडाने त्याला जमिनीच्या मांडणीतूनच उत्तर दिले होते.

या नियमातले शहाणपण बारकाईने पाहण्यासारखे आहे. फडभर एकच पीक असले की सगळ्यांची पाण्याची वेळ एकच येते. कोणाचा ऊस तहानलेला आणि शेजारच्याची बाजरी कापणीला आलेली, असा पेच पडत नाही. शेतकऱ्याला रात्री दारे धरायला जावे लागत नाही. सगळ्यांच्या वतीने पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, उभ्या पिकाची राखण जागल्याची आणि या साऱ्यांवर देखरेख हवालदाराची. त्यांचा मोबदला पूर्वी धान्याच्या रूपाने गावच देई. उसाचे पाणी दरवर्षी त्याच जमिनीत मुरत राहिले नाही, म्हणून जमिनी चिबड होण्याचा धोकाही टळला. जादा पाणी सांडीतून ओढ्याला आणि ओढ्यातून पुन्हा नदीला मिळते. झिरपलेले पाणी खालच्या बंधाऱ्याच्या कामी येते. एकाच नदीवर बंधाऱ्यांची माळ टिकली ती याच जोरावर.

मग ही घडी विसकटली कशाने? शेतकरी आळशी झाले, नवी पिढी बेपर्वा झाली, असे म्हणणे फार सोपे आहे. खरी कारणे पाण्याच्याच वाटेवर आहेत. पांझरेवर लाटीपाडा, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर अशी धरणे वरच्या अंगाला झाली. धरणे नकोत असे आमचे म्हणणे नाही; अवर्षणप्रवण मुलखाला साठवण लागतेच. पण ज्या नदीचा सततचा वाहता प्रवाह गृहीत धरून फड चालत होते, तिचे पाणी आता आवर्तनावर आले. आवर्तन कधी सुटणार आणि बंधाऱ्यापर्यंत किती पोचणार याचा भरवसा नसेल, तर कोणता फड उसाचा आणि कोणता पडीक हे गावाने कशाच्या आधारावर ठरवायचे? ज्याला शक्य होते त्याने विहीर खणली, पंप बसवला आणि स्वतःपुरते पीक निवडले. एका फडात डाळिंब, कांदा आणि ऊस एकत्र आले की पाटकऱ्याला काही काम उरत नाही आणि पिके ठरवणाऱ्या गावच्या पंचांच्या बैठकीलाही काही अर्थ राहत नाही.

फडाला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. त्याचे पाणी जमिनीला बांधलेले होते. ज्याला वावर नाही त्याला पाण्याचा वाटाही नव्हता. त्याच्या पदरी राखणीचे धान्य किंवा मजुरी, तेवढीच. हा उणेपणा भरून कसा काढता येतो, हे महाराष्ट्रानेच दाखवले आहे. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीची सुरुवात केली. त्यांनी पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिले, भूमिहीनालाही वाटेकरी केले आणि उसाला मनाई केली. फडाशी त्यांचे थेट नाते नसेल. पण थोडे पाणी सगळ्यांनी बसून वाटायचे आणि त्यासाठी स्वतःच्या पिकाला मुरड घालायची, हा विचार दोन्हीकडे एकच. परंपरेचा सर्वांत चांगला भाग घेऊन तिची चूक दुरुस्त करता येते, याचा हा धडधडीत पुरावा आहे, आणि आज फडांबाबत नेमके तेच करायला हवे.

2005च्या कायद्याने महाराष्ट्रात सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली आणि मोजून पाणी घेण्याचे तत्त्व मान्य केले. लाभक्षेत्रात संस्था स्थापन व्हाव्यात म्हणून अधिकारी गावोगाव बैठका घेतात, शेतकऱ्यांना समजावतात. हे चांगलेच आहे. पण पाणी एकत्र बसून वाटण्याची सवय ज्या गावांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, त्यांच्यापासून सुरुवात करण्यात अडचण ती कोणती? पाटकरी आणि पंच यांच्याजवळ जे आहे, ते प्रशिक्षणवर्गात दोन दिवसांत शिकवता येत नाही. त्या माणसांपैकी बरेच जण आता वयस्क आहेत. आमच्या दृष्टीने घाई करायला हेच कारण पुरेसे आहे.

तेव्हा दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाबरोबर आणखी काही गोष्टी मागायला हव्यात. पावसाळा संपल्यावर वरच्या धरणातल्या साठ्याचे वाटप ठरते, तेव्हा खालच्या प्रत्येक फड बंधाऱ्यासाठी दशलक्ष घनफुटांत आकडा निश्चित व्हावा आणि आवर्तनाची तारीख रब्बीच्या पेरणीआधी गावाला कळावी. कालवा सल्लागार समितीत फडांच्या पंचांना निमंत्रित म्हणून नव्हे, सदस्य म्हणून जागा मिळावी. पाटाच्या मुखाशी मोजपट्टी असावी, म्हणजे ठरलेले पाणी आले की नाही हे पाटकरी स्वतः वाचू शकेल. आणि जिथे फळबागांमुळे एकपिकी फड आता शक्य नाही, तिथे निदान टंचाईच्या वर्षी सर्वांनी सारखी कपात सोसण्याचा ठराव ग्रामसभेने करावा. त्यात शेतमजुरांच्या घरांचाही वाटा लिहिला जावा. धुण्याचे, गुरांचे आणि परसबागेचे पाणी तरी त्यांना हक्काने मिळाले पाहिजे.