दिंडीची फिरती चूल

आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट. मुक्काम बहुधा रोज नवा. दिंडीचा शिधा, भांडी, शेगड्या आता वाहनातून पुढे जातात. याकरिता स्वयंपाकाचा स्वतंत्र ट्रेलर बांधवून घेणाऱ्या दिंडीचालकांना आमची विनंती आहे. गॅस हवेपेक्षा जड. गळती झाल्यास तो तळाशी साचतो. म्हणून झरोके खालीही ठेवावेत, सिलिंडर उभेच बांधावेत. पिण्याच्या व धुण्याच्या पाण्याच्या टाक्या निराळ्या असाव्यात. तिसरी टाकी सांडपाण्याची हवी; नेमका तिचाच विसर पडतो. आपल्या पंगतीमागचा चिखल यजमान गावाने का सोसावा? मुक्कामाची जागा निर्मळ करून दिंडी निघाली, तरच अन्नदान पूर्ण झाले, असे आम्ही मानतो.