बळी तो कान पिळी?

सुपरहीरोंचे चित्रपट पाहायला आज घरातली वडील मंडळीही हौसेने येतात. पण ज्या चित्रकथांतून हे नायक जन्माला आले, त्या चित्रकथांविषयी कोणी गंभीरपणे बोलू लागला की समोरचा माणूस गालातल्या गालात हसतो. कॉमिक्स म्हणजे पोरखेळ, आणि त्यातला खलनायक म्हणजे नायकाचा मार खाण्यासाठी उभा केलेला बुजगावण्याचा पुतळा, असा आपला ठाम समज असतो. हा समज निम्मा खरा आहे. उरलेला निम्मा का खोटा आहे, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

चित्रकथेच्या लेखकाची अडचण आधी ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून मराठी वाचकांना भेटलेला वेताळ कितीही पराक्रमी असला तरी अखेर माणूसच होता. त्याला चाचे आणि तस्कर पुरत असत. पण ज्याला बंदुकीची गोळी लागत नाही आणि जो हवेत उडतो, त्या सुपरमॅनपुढे उभा करायचा कोणाला? सर्वांत सोपे उत्तर एकच: त्याच्याहून आडदांड कोणी तरी आणावा. १९६६ साली स्पायडरमॅनपुढे गेंड्याच्या कातडीचा ऱ्हायनो आला. १९६७ साली हल्कपुढे त्याच्याहून अक्राळविक्राळ अ‍ॅबॉमिनेशन आला. नायक दहा मण उचलतो, तर खलनायकाने वीस मण उचलावेत, असे हे सरळ त्रैराशिक. ही मंडळी येतात, भिंती पाडतात, पडतात आणि पुढल्या वर्षी पुन्हा येतात. त्यांच्या पडण्याने नायकाविषयी आपल्याला नवे असे काही कळत नाही.

या त्रैराशिकाची खरी परीक्षा झाली ती १९९२-९३ साली. डीसी या एकाच अमेरिकन प्रकाशनसंस्थेने आठ-नऊ महिन्यांच्या अवधीत आपले दोन सर्वांत मोठे नायक दोन नव्या, धिप्पाड शत्रूंच्या हातून पाडले. डूम्सडेने सुपरमॅनला ठार मारले आणि बेनने बॅटमनचा कणा मोडला. दोघेही मुद्दाम याच कामासाठी घडवलेले, दोघेही पहाडासारखे. तरीही दोघांत जमीनअस्मानाचे अंतर आहे असे मला वाटते, आणि ते दंडाच्या घेरात नाही.

डूम्सडेची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण तीत सांगण्यासारखे थोडेच आहे. जमिनीच्या पोटात गाडलेला एक प्राणी मुठी आपटून बाहेर येतो. अंगावर हिरवा बंदिस्त पोशाख, एक हात पाठीशी जखडलेला. तशा एका हाताने तो जस्टिस लीगच्या वीरांना लोळवतो. तो का मारतो, त्याला काय हवे, हे कोणालाच ठाऊक नाही. अखेर मेट्रोपोलिस शहरात, ‘डेली प्लॅनेट’च्या कचेरीसमोर, दोघेही एकमेकांच्या शेवटच्या घावाने कोसळतात आणि लोइस लेनच्या मिठीत सुपरमॅन प्राण सोडतो. ‘सुपरमॅन’चा हा ७५ वा अंक नोव्हेंबर १९९२ मध्ये विक्रीस आला तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या. काळ्या वेष्टनातल्या प्रतींबरोबर दंडाला बांधायची काळी फीतही दिलेली होती.

या कथेची एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो. तिची मांडणी विलक्षण आहे. आधीच्या एका अंकात प्रत्येक पानावर चार चौकटी, पुढच्या अंकात तीन, त्यापुढच्यात दोन, आणि मृत्यूच्या अंकात पानभर एकच चित्र. वाचताना छातीत धडधड वाढत जाते. शिवाय मरण हे असेच येते, कारण न सांगता आणि दाराची कडी न वाजवता, असेही डूम्सडेच्या बाजूने म्हणता येईल. महापुराला कोणी हेतू विचारत नाही.

पण महापूर हे पात्र नव्हे. आपल्या पुराणातला रक्तबीज आठवा. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज उभा राही. तोही बलाढ्य, तोही जवळजवळ अवध्य. पण त्या कथेत एक कोडे आहे, आणि ते सुटल्याशिवाय नुसत्या शस्त्राने काही होत नाही. कालीने थेंब जमिनीवर पडूच दिला नाही, तेव्हा तो संपला. हिरण्यकशिपू घ्या, जरासंध घ्या. प्रत्येकाच्या बळातच एक फट ठेवलेली आहे आणि ती शोधणे हीच कथा आहे. डूम्सडेच्या पहिल्या कथेत अशी फट नाही. ठोशाला ठोसा, आणि ज्याचे ठोसे आधी संपतील तो मेला. गंमत अशी की, १९९४ साली लेखक-चित्रकार डॅन जर्गन्स यांनी ‘हंटर/प्रे’ या कथेत ही उणीव स्वतःच भरून काढली. तिथे डूम्सडेला भूतकाळ मिळाला: क्रिप्टॉन ग्रहावर एका शास्त्रज्ञाने एका अर्भकाला पुन्हा पुन्हा मरायला सोडले आणि प्रत्येक मरणानंतर त्याच्या अवशेषांतून पुन्हा घडवले, त्यातून हा राक्षस झाला. तिथे सुपरमॅननेही त्याला मुठीने नव्हे, तर काळाच्या अगदी शेवटच्या टोकाला नेऊन सोडून संपवले. म्हणजे राक्षसाला दुःख आणि नायकाला बुद्धी द्यावी लागली, तेव्हा कुठे गोष्ट उभी राहिली.

बेनचे तसे नाही. चक डिक्सन, डग मेंच आणि ग्रॅहम नोलन या तिघांनी तो घडवला तो मुळात माणूस म्हणून. सांता प्रिस्का नावाच्या काल्पनिक बेटावरच्या तुरुंगात तो जन्मला. बापाची शिक्षा पोराने भोगायची, हा तिथला कायदा. त्या नरकात त्याने शरीर कमावले आणि हाती येईल ते पुस्तक वाचून काढले. लहानपणी सोबतीला होते कापडी अस्वल. मग तुरुंगातल्याच प्रयोगात ‘व्हेनम’ नावाचे बळ वाढवणारे औषध नळ्यांवाटे त्याच्या डोक्यात सोडले गेले. आता जरा थांबून पाहा. बालपण हिरावलेले, एकट्याने केलेली साधना, शरीर आणि बुद्धी दोन्हींवर घेतलेली मेहनत: हे वर्णन बेनचे की बॅटमनचे? बॅटमनला वाड्यात जे मिळाले ते बेनने कोठडीत मिळवले, एवढाच काय तो फरक.

आणि म्हणून तो येताच हात उगारत नाही. तो आधी पाहतो. आर्कमच्या वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंती उडवून तो तिथले सगळे खुनी गॉथम शहरात मोकळे सोडतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो. बॅटमन एकेकाला पकडत सुटतो. झोप नाही, अन्न नाही, अंगात आधीच अशक्तपणा. आल्फ्रेड विनवतो, रॉबिन विनवतो, पण हा गडी कोणाची मदत घेईल तर शपथ! बेन त्याच्या मुखवट्यामागचा ब्रूस वेनही ओळखतो आणि शेवटी थेट त्याच्या घरात जाऊन वाट पाहत बसतो. ‘बॅटमन’च्या ४९७ व्या अंकात, जुलै १९९३ मध्ये, तो त्याला उचलून गुडघ्यावर आपटतो आणि पाठीचा कणा मोडतो. ते चित्र जगप्रसिद्ध झाले. पण खरे पाहता तो कणा त्या क्षणी मोडलेलाच नाही. कित्येक रात्री तो आतून मोडत आला होता. बेनने शेवटचा धक्का दिला, इतकेच.

माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा इथे आहे. डूम्सडेने सुपरमॅनच्या शरीराशी झुंज घेतली, बेनने बॅटमनच्या स्वभावाशी. ‘सगळे मीच करीन, मीच करू शकतो’ हा त्या नायकाचा सद्‌गुण आपण वर्षानुवर्षे टाळ्या वाजवून वाचला. बेनने त्याच सद्‌गुणाला पकडून त्याचा फास केला. हे वाचून आपण चपापतो, कारण असा माणूस प्रत्येकाच्या घरात असतो. पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबणारी, ताप अंगावर काढणारी, ‘मला काही होत नाही’ म्हणणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांना पाडायला कोणी राक्षस लागत नाही. त्यांचे ओझे त्यांच्याकडेच राहू दिले की पुरे.

यावर बलोपासक मित्र म्हणतील, ‘अहो, पण डूम्सडेने बेनला एका फटक्यात चिरडले असते!’ निश्चितच चिरडले असते. पण रस्त्यावरचा रूळही चिरडतो. म्हणून कोणी त्याची गोष्ट सांगत बसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सुपरमॅन पुढल्याच वर्षी जिवंत झाला आणि ब्रूस वेनही पुन्हा चालू लागला. मग दोन्ही पराभव सारखेच खोटे नव्हेत काय? बाजाराचे गणित दोन्हीकडे होते, हे कबूल. तरीही मधल्या काळात काय घडले ते पाहावे. बॅटमनचा झगा ज्याँ-पॉल व्हॅली या तरुणाने चढवला. बॅटमनच्या ५०० व्या अंकात त्याने बेनच्या व्हेनमच्या नळ्या तोडून त्याला हरवलेही. पण मग तो दिवसेंदिवस क्रूर होत गेला, आणि जिंकणारा प्रत्येक जण नायक नसतो हे वाचकांना कळून चुकले. एका पराभवातून एवढा प्रश्न उभा राहिला, याचे श्रेय बेनला द्यायलाच हवे. तो स्वतःही अखेर नळ्यांवर विसंबून होता. रक्तबीजाची ती फट इथे पुन्हा सापडते.

चित्रपटवाल्यांना हे उमगायला वेळ लागला. १९९७ च्या ‘बॅटमन अँड रॉबिन’मध्ये बेन म्हणजे केवळ गुरगुरणारा हुकमाचा ताबेदार, बुद्धी काढून घेतल्याबरोबर तो हास्यास्पद झाला. २०१२ च्या ‘द डार्क नाइट रायझेस’मध्ये ती परत दिली गेली, तेव्हा प्रेक्षक पुन्हा घाबरले. शरीर दोन्ही वेळा आडदांडच होते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी पडद्यावर किंवा पानावर एखादा सात फुटी राक्षस अवतरला, तर त्याच्या दंडाकडे पाहू नका. त्याने नायकाचे नेमके काय ओळखले आहे, ते पाहा. काहीच ओळखले नसेल, तर तो कितीही मोठा असो, तासाभरात विसरला जाईल.