सगळ्यांचं रीडिंग ९.८ कसं काय हो?

बारावीच्या प्रॅक्टिकलला एक्सटर्नल म्हणून गेलो होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण तसं एकच कॉलेज नाहीये. जर्नल्सचा गठ्ठा समोर आला. मोहर सॉल्ट विरुद्ध पोटॅशियम परमँगनेट. पहिल्या जर्नलमध्ये ९.८, ९.८, ९.८. दुसऱ्यात तेच. विसाव्यातही तेच! म्हणजे वीस पोरांचे हात, वीस ब्युरेट आणि एका थेंबाचाही फरक नाही.

एका मुलीला विचारलं, "गुलाबी रंग टिकला की थांबायचं, पण नेमका कुठला गुलाबी?" ती गप्प. बिचारीने ब्युरेट हातात धरलीच नव्हती. वर्षभर क्लासमध्ये बसून एमसीक्यू सोडवले, कॉलेजात फक्त नाव. तिला दोष देऊन काय उपयोग?

बरं, समीकरण मात्र पाठ होतं. एक परमँगनेट, पाच फेरस. पाचच का, विचारलं तर उत्तर नाही. अहो, मँगनीज +७ वरून +२ वर येतो, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेतो. फेरस एकच देतो. देणाऱ्याने दिले तेवढेच घेणाऱ्याने घेतले पाहिजेत, किराणा दुकानातल्या वहीसारखा हिशेब आहे हा. हा पाच विसरला तर ९.८ मिली रीडिंगवरून परमँगनेटची तीव्रता ०.०२०४ मोलरऐवजी ०.१०२ येते. पाचपट चूक, आणि कॅल्क्युलेटर काही बोलत नाही.

आता कोणी म्हणेल, सर, तीस मार्कांचं प्रॅक्टिकल, एवढं काय मनावर घेता? तर ऐका.

नदीत कारखान्याचं पाणी सोडलं की त्याचा सीओडी मोजतात. पाण्याच्या नमुन्यात डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालून दोन तास उकळतात, उरलेलं डायक्रोमेट कशाने मोजतात माहितीये? फेरस अमोनियम सल्फेटने. म्हणजे आपल्या जर्नलमधलं तेच मोहर सॉल्ट! नदीत सोडायच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. समजा २० मिली नमुना घेतला, द्रावण ०.१ नॉर्मल, ब्लँकला २४.६ मिली लागले आणि नमुन्याला १८.२. फरक ६.४, सीओडी २५६. कारखाना नापास. तेच रीडिंग १८.४ लिहिलं तर २४८. कारखाना पास. मधे फक्त ०.२ मिली, म्हणजे चार-पाच थेंब.

ती ब्युरेट उद्या कोणाच्या हातात असणार? याच पोरांच्या. आणि आपण त्यांना सतराव्या वर्षी काय शिकवलं, तर रीडिंग बघायचं नसतं, अपेक्षित उत्तरावरून मागे काढायचं असतं.

चोरीपेक्षा हे मला जास्त खुपतं. कारण एंड पॉइंट चुकून १०.४ ला गेला, तर तो १०.४ लिहून पुन्हा करणं हेच तर प्रॅक्टिकल. चुकलेल्या रीडिंगला मार्क कापणारे आम्हीच, मग पोरं खरं लिहितील कशाला? (हो, यात मीही आलो. बरीच वर्षं तेच केलंय.)

उपाय फार खर्चाचा नाही. परीक्षेत प्रत्येक बॅचला वेगळ्या तीव्रतेचं द्रावण द्या, आकडा फक्त परीक्षकाकडे ठेवा. सीबीआर कॉपी करून बघा म्हणावं मग.

आणि पालकांनो, आज घरी जर्नल उघडून बघाच. तिन्ही रीडिंग अगदी सारखी असतील तर पोराला रागावू नका, ब्युरेट कधी धरली होतीस एवढंच विचारा. काय उत्तर मिळतं ते खाली कमेंटमध्ये लिहा.