मालास उत्पादकाचें नांव हवें

शेतकरी उत्तम माल पिकवितो, पण त्याचें नांव बहुधा बाजाराच्या दारापाशींच संपतें. आपल्या शिंदखेडा तालुक्यांतील मिरची पथारीवर वाळून दोंडाईचा येथील बाजारांत गेली म्हणजे लिलावांत प्रत पाहून भाव ठरतो, हें खरें. परंतु पुढें दहा शेतांचा माल एका ढिगांत पडला कीं ती कोणी निवडून वाळविली व कोणी ओलसर पोत्यांत भरली, हें खाणारास कळण्याचा मार्ग उरत नाहीं. चांगल्या मालानें मिळविलेली पत अशा रीतीनें उत्पादकाच्या पदरीं न पडतां वाटेंतच विरून जाते.

ही पत राखण्याचें एक साधन आज प्रत्येकाच्या खिशांत आहे. व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब इत्यादि समाजमाध्यमें म्हणजे तरुणांचा वेळ घालविण्याचा उद्योग, असें पुष्कळ वडील मंडळींस वाटतें. आमचें मत निराळें आहे. जो शेतीस धंदा म्हणतो, त्यानें या साधनांकडेहि धंद्याच्याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे.

ही कल्पना अगदींच नवी नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला असून भागलें नाहीं. त्याचे गुण गिऱ्हाइकास समजावून द्यावे लागले. पुढें १९२० सालीं किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली. कारखान्याची व मालाची माहिती लोकांपर्यंत पोंचविणें हें तिचें आरंभींचें काम होतें. कारखानदारास त्यासाठीं छापखाना लागला; शेतकऱ्यास आज फोन पुरतो.

अलीकडचा दाखला कोंकणांतील आहे. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली, तेव्हां हापूस हंगामावर आला होता आणि नेहमींची विक्री विस्कळित झाली होती. त्या वेळीं कित्येक बागाईतदारांनीं व्हॉट्सॲप व फेसबुकवरून मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांची मागणी गोळा केली व पेट्या थेट पोंचत्या केल्या. संकटांत ओळख उपयोगी पडते. परंतु ती संकटापूर्वींच करून ठेवावी लागते.

आतां आपलें गिऱ्हाईक कोठें आहे तें पाहूं. शिंदखेडा व दोंडाईचा हीं स्टेशनें ज्या लोहमार्गावर आहेत, त्याच मार्गाच्या टोंकास सुरत आहे. तेथें, तसेंच नाशिक, पुणें व मुंबई येथेंहि, पोटापाण्यासाठीं गेलेलीं असंख्य खानदेशी कुटुंबें राहतात. कळण्याचें पीठ, बिबडे, भरिताचीं वांगीं व घरच्या मिरचीचें तिखट यांची गोडी त्यांस सांगावी लागत नाहीं. विश्वासाचा माल कोणाकडे मिळेल एवढेंच सांगावयाचें असतें. हें अहिराणींत सांगितलें तर तें अधिकच लवकर पटेल.

यासाठीं मोठा खटाटोप नको. पेरणी, तोडणी, वाळवण यांचीं खरीं चित्रें वेळोवेळीं पाठवावींत. भाव, वजन व पोंचविण्याचा खर्च स्पष्ट लिहावा. व्हॉट्सॲपनें धंद्यासाठीं वेगळें ॲप २०१८ सालीं सुरू केलें. त्यांत मालाची यादी मांडून ठेवतां येते. चौकशीस त्याच दिवशीं उत्तर द्यावें. चित्रांत एक व पिशवींत दुसरें असें एकदां जरी झालें, तरी दुष्कीर्तीहि त्याच वाटेनें व तितक्याच वेगानें पसरते, हें विसरूं नये.

कापूस व मका फोनवर विकले जाणार नाहींत, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. ढोबळ माल बाजार समितींतच जाईल. प्रश्न आहे तो निवडक मालाचा. दुसरा आक्षेप फसवणुकीचा. तोहि खरा आहे. मात्र पैसे घेण्यासाठीं गुप्त पिन कधींच द्यावा लागत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ हानि टळेल. तिखट, पीठ यांसारखा तयार माल विकणारानें अन्नसुरक्षेच्या कायद्याखालीं नोंदणी करावी. गिऱ्हाइकांचीं नांवें आपल्या वहींतहि उतरून ठेवावींत. कारण माध्यम परक्याचें आहे, गिऱ्हाईक तेवढें आपलें.

एकट्या शेतकऱ्यास हें सर्व झेपणें कठीण आहे. म्हणून गांवोगांवच्या मंडळींनीं गट करावे, मालाची प्रत ठरवावी, एकच नांव धारण करावें आणि फोनचें काम एखाद्या जाणत्या मुलावर अगर सुनेवर सोंपवावें. वडिलांनीं प्रत राखावी व तरुणांनीं ती जगास कळवावी, अशी वांटणी झाली तर घरांतील फोनविषयींची कुरकुरहि थोडी कमी होईल. येत्या मिरचीच्या हंगामापासून निदान एक-दोन गांवांनीं हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची सूचना आहे.